आमच्या नऊ होलच्या गोल्फ मैदानावर जागतिक हँडिकॅप पद्धत घ्यावी का? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी ठरवायचंय

गिरणाकाठ

राम राम मंडळी.

पुढच्या बैठकीत आमच्या क्लबची कार्यकारिणी जागतिक हँडिकॅप पद्धतीवर निर्णय घेणार आहे. क्लब लहान आहे. नऊ होल, काळ्या मातीचं मैदान, मधून एक नाला, पलीकडे केळीच्या बागा. सभासदांत डॉक्टर, जिनिंगवाले, दोन-तीन निवृत्त फौजी, काही शिक्षक आणि अलीकडे आलेली पोरंपोरी. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याला मिळणारी फटक्यांची सूट, आजवर कमिटीच लावत आली. कमाल २४. स्पर्धा जिंकली की एक-दोन काटायचे, गुडघे दुखायला लागले की एक-दोन वाढवायचे. सगळे एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे चाललं.

आता अडतंय. मागच्या आखाजीला एका सभासदांची मुलगी पुण्याहून माहेरी आली होती. पुण्यात ती नियमित खेळते, तिथला तिचा इंडेक्स (जागतिक पद्धतीतला हँडिकॅपचा आकडा) ३१.४. आमच्या आखाजीच्या स्पर्धेत तिला द्यायचे किती? कमाल २४, म्हणून २४ दिले. ती काही बोलली नाही, हसतमुखाने खेळली, पण तिला जिंकायची संधीच नव्हती. उलट आमचा एक चांगला खेळाडू बाहेरगावी स्पर्धेला गेला, तर तिथे आमच्या क्लबचा आकडा कोणी धरला नाही. आमचा आकडा आमच्या कुंपणाच्या बाहेर चालत नाही.

माझं मत आहे की ही पद्धत घ्यावी, आणि याच वर्षी घ्यावी. पण जुन्या मंडळींच्या शंका खऱ्या आहेत, त्या मला टाळायच्या नाहीत. ज्यांच्या क्लबात हे झालंय त्यांनी सविस्तर लिहा.

पांझरा

मी धुळ्याचा, पण या मैदानावर खूप वर्षं खेळतोय. माझा विरोध आहे, आणि तो का ते नीट सांगतो.

कमिटीतल्या माणसाला खेळाडू दिसतो. कोणाचा मोतीबिंदू काढलाय, कोणाचा हात मोडला होता, कोण कपाशी वेचणीच्या दिवसांत दोन महिने फिरकलेला नाही, हे त्याला ठाऊक असतं. संगणकाला नुसती कार्डं दिसतात. दुसरं, आमचे निम्मे लोक सकाळी सहाला येतात, सात होल खेळून दवाखाना नाहीतर दुकान गाठतात. दोन फुटांचा पट (चेंडू होलात ढकलायचा फटका) आला की समोरचा म्हणतो, "उचला डॉक्टर." तो पट धरायचा की नाही? असली कार्डं टाकून आलेल्या आकड्याला पुण्या-मुंबईत मान मिळाला तरी तो खरा थोडाच होणार?

सातपुडा_पायथा

मूळ शहाद्याचा, आता पुण्यात. इथल्या एका क्लबच्या हँडिकॅप कमिटीत काम करतो, म्हणून जरा लांबीने लिहितो.

आधी जगात सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. अमेरिकेची यूएसजीएची, ब्रिटन-आयर्लंडची, युरोपची, ऑस्ट्रेलियाची, दक्षिण आफ्रिकेची आणि अर्जेंटिनाची. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांनी त्या एकत्र करून जानेवारी २०२० पासून ही एकच पद्धत आणली. आपल्याकडे ती इंडियन गोल्फ युनियनमार्फत चालते.

तिचा पाया असा की मैदानाला दोन आकडे दिले जातात. पहिला कोर्स रेटिंग, म्हणजे स्क्रॅच खेळाडूला, शून्य हँडिकॅपवाल्याला, इथे साधारण किती फटके लागावेत. दुसरा स्लोप, म्हणजे सामान्य खेळाडूला हे मैदान स्क्रॅचवाल्याच्या मानाने किती जास्त जड जातं. स्लोप ५५ ते १५५ मध्ये असतो, प्रमाण धरलाय ११३. कोरडवाहू आणि बागायती रानाचा एकरी उतारा आपण एकाच मापाने तोलत नाही, तसंच हे आहे. नव्वदचा स्कोअर कुठल्या मैदानावर केला ते कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

प्रत्येक फेरीचा डिफरन्शियल निघतो:

(११३ ÷ स्लोप) × (दुरुस्त स्कोअर − कोर्स रेटिंग − त्या दिवसाच्या परिस्थितीची दुरुस्ती)

समजा तुमचं मैदान दोनदा फिरून पार (ठरलेले फटके) ७०, रेटिंग ६७.४, स्लोप ११६ आहे. दुरुस्त स्कोअर ८८ आला आणि दिवस नेहमीसारखा होता. मग ८८ वजा ६७.४ म्हणजे २०.६, त्याला ११३/११६ ने गुणलं की २०.१. असे शेवटचे वीस डिफरन्शियल घ्यायचे, त्यातले सर्वांत चांगले आठ निवडायचे, त्यांची सरासरी म्हणजे इंडेक्स. उरलेले बारा धरत नाहीत. म्हणून बहुतेक दिवशी तुम्ही आपल्या इंडेक्सपेक्षा जास्तच फटके खेळणार. तुमच्या चांगल्या दिवशी तुम्ही काय करू शकता, ते हा आकडा दाखवतो.

पांझरा आप्पा, तुमच्या पटाबद्दल. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) चेंडू होलात घातलाच पाहिजे. मॅच प्लेमध्ये (होलागणिक हार-जीत मोजायच्या खेळात) समोरच्याने पट सोडला तर तुम्ही बहुधा किती फटक्यांत संपवलं असतं तो आकडा लिहायचा, त्याची नियमात सोय आहे. आणि एखाद्या होलवर दहा-बारा फटके गेले म्हणून आकडा बिघडत नाही. हँडिकॅपसाठी एका होलचा कमाल स्कोअर ठरलेला आहे, तो लावून येतो तो दुरुस्त स्कोअर: पार अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके. पार चारच्या होलवर एक फटका मिळत असेल तर सातच्या वर मोजत नाहीत.

कपाशी

सातपुडादादा, मग आमचा माणूस बाहेर गेला तर त्याचा आकडा कसा बदलतो? आणि उलटं, पुण्याच्या ताईंना आमच्याकडे किती मिळायला हवे होते?

सातपुडा_पायथा

इंडेक्सला मैदानाचा स्लोप लावायचा: इंडेक्स × स्लोप ÷ ११३, अधिक (रेटिंग − पार). आलेला आकडा म्हणजे त्या मैदानावरचं कोर्स हँडिकॅप.

तुमच्यातल्या एकाचा इंडेक्स १८.२ असेल तर वरच्या मैदानावर १८.२ × ११६ ÷ ११३ म्हणजे १८.७, त्यात ६७.४ − ७० म्हणजे उणे २.६. बाकी १६.१, म्हणजे १६. तोच माणूस रेटिंग ७२.३, स्लोप १३१, पार ७२ अशा अवघड मैदानावर गेला तर २१.१ अधिक ०.३, म्हणजे २१. खेळाडू एकच, पण घरी सोळा आणि बाहेर एकवीस. बैठकीत हे आधी समजावून सांगा. नाहीतर घरच्या मैदानावर आकडा अठराचा सोळा झाला की लोकांना वाटतं कमिटीने दोन फटके खाल्ले.

ताईंचं बघू. महिलांसाठी रेटिंग आणि स्लोप वेगळे काढतात. समजा ते ६९.५ आणि ११८ आले, तर ३१.४ ला ३२.८ उणे ०.५, म्हणजे ३२. तुम्ही २४ दिले. तब्बल आठ फटके कमी.

स्ट्रोक प्लेच्या वैयक्तिक स्पर्धेत यावर ९५ टक्के लावायची शिफारस आहे, मॅच प्लेला पूर्ण १०० टक्के. आखाजीच्या पत्रकात हे आधीच छापा.

अनेरकाठची

ते आठ फटके वाचून थांबले. मी चोपड्याची. सासरी आल्यावर खेळायला लागले. पहिली दोन वर्षं कमाल २४ च्या नियमात मी स्पर्धेत नाव दिलं की सगळ्यांना माहीत असायचं की मी शेवटची येणार. मलाही माहीत असायचं. कोणी वाईट वागलं नाही, पण ज्या खेळात तुमचा निकाल टी-वरच (पहिला फटका मारायच्या जागेवरच) ठरलेला असतो, तिथे माणूस किती दिवस टिकेल? माझ्याबरोबर सुरू केलेल्या दोघी सोडून गेल्या.

नव्या पद्धतीत कमाल ५४.० आहे. बाई असो की पुरुष, सगळ्यांना एकच. अमेरिकेच्या आधीच्या पद्धतीत पुरुषांना ३६.४ आणि बायकांना ४०.४ होती. ५४ म्हणजे दर होलला तीन फटके. नवशिक्या माणसाला पहिल्या काही कार्डांतच आकडा मिळतो आणि तो कमी होताना दिसतो. माझ्यासाठी या सगळ्या पद्धतीतली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

आणि एक सांगते. बायकांच्या हँडिकॅपचा इतिहास जुना आहे. ब्रिटनमध्ये १८९३ साली लेडीज गोल्फ युनियन निघाली आणि इसेट पिअर्सन यांच्या पुढाकाराने तिने देशभर एकसारखी हँडिकॅप पद्धत बसवली. पुरुषांचे क्लब तेव्हा आपापल्या कुंपणातच मोजत बसले होते. आपण आज त्याच जागी आहोत.

खान्देशी_भो

जिभाऊ, माले ते गणित काई समजत नही, पन एक इचारस. मन्ही आंडेर (मुलगी) बारा वरीसनी शे. कमिटी म्हने, मोठी व्हवू दे मंग हँडिकॅप दिसूत. आते तिले आकडा भेटी का नही, इतलंच सांगा.

गिरणाकाठ

भेटी, भाऊ, नक्की भेटी. यात वयाची अट नाही. एकूण ५४ होलची कार्डं लागतात, नऊ-नऊच्या सहा फेऱ्या झाल्या तरी चालतं. तीन डिफरन्शियल झाले की त्यातला सर्वांत चांगला घेऊन त्यातून २ वजा करतात, तो पहिला इंडेक्स. मग जसजशी कार्डं वाढतात तसतसे जास्त डिफरन्शियल सरासरीत येतात, आणि विसाव्या कार्डाला ‘वीसपैकी आठ’ सुरू होतं. तिला घेऊन या.

निवृत्त_फौजी

माझा प्रश्न वेगळा आहे. प्रत्येक क्लबात एखादा असतो, वर्षभर वाईट कार्डं टाकतो, आकडा फुगवून ठेवतो आणि स्पर्धेच्या दिवशी ढाल घेऊन जातो. जुन्या पद्धतीत कमिटी अशाला बोलावून सरळ काटायची. आता तो संगणकाकडे बोट दाखवेल. त्याचं काय?

सातपुडा_पायथा

फौजी साहेब, प्रश्न अगदी बरोबर. त्यावर तीन कुलपं आहेत.

गेल्या ३६५ दिवसांतला तुमचा सर्वांत कमी इंडेक्स नोंदलेला राहतो. त्याच्यापेक्षा ३ ने वर गेलात की पुढची वाढ निम्मीच मिळते, आणि ५ च्या वर जाताच येत नाही. १४.० वाल्याचा हिशोबाने १९.० आला तर त्याला १८.० मिळतात. कितीही वाईट खेळला तरी १९.० ची भिंत.

दुसरं, असामान्य स्कोअर. एखाद्या फेरीचा डिफरन्शियल इंडेक्सपेक्षा ७.० ते ९.९ ने चांगला आला की इंडेक्समधून आपोआप १ कापला जातो, १० किंवा जास्त असेल तर २. स्पर्धेच्या दिवशी अचानक चमकणारा तिथेच पकडला जातो.

तिसरं कुलूप म्हणजे तुम्ही स्वतः. ही पद्धत आली म्हणून हँडिकॅप कमिटी मोडीत निघत नाही, उलट तिचं काम वाढतं. कार्डं सर्वांना दिसतात, कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि कमिटी पुरावा पाहून आकडा बदलू शकते. आप्पांच्या मोतीबिंदूवाल्या माणसाचीही सोय इथेच आहे. दुखापत किंवा आजार असेल तर कमिटी वरची भिंत बाजूला ठेवू शकते. खेळाडूला ओळखणारी माणसं या पद्धतीला हवीच आहेत, फक्त त्यांनी निर्णय कागदावर कारण लिहून द्यायचा.

पांझरा

हे शेवटचं मला माहीत नव्हतं. बरं वाटलं. पण सात होल खेळून निघून जाणाऱ्यांचं काय?

सातपुडा_पायथा

त्यांनी नऊ पूर्ण करावेत, एवढंच. सात होलचं कार्ड नऊचं म्हणून धरता येत नाही. पण नऊ होलच्या मैदानाला २०२४ च्या सुधारणेत मोठा फायदा झालाय. आधी नऊ होलचं एक कार्ड दुसऱ्या नऊची वाट बघत पडून राहायचं. आता तुमच्या इंडेक्सनुसार उरलेल्या नऊवर अपेक्षित डिफरन्शियल किती ते धरून लगेच अठरा होलचा डिफरन्शियल तयार होतो. सकाळी सहाला येऊन पावणेआठला घरी जाणाऱ्या डॉक्टरसाहेबांचं प्रत्येक कार्ड चालतं.

एक अट कडक आहे. बरोबर किमान एक माणूस हवा. एकट्याने खेळलेली फेरी धरत नाहीत.

कपाशी

आपल्या उन्हाचं कोणी बोललं नाही. आखाजी म्हणजे वैशाख. जळगावचा पारा ४५ च्या वर. काळी माती अशी तडकते की चेंडू भेगेत जातो. पावसाळ्यात हीच जमीन इतकी चिकट होते की चेंडू पडला तिथेच रुततो. उन्हाळ्यात फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्टीवर) चेंडू पळत सुटतो. एकच रेटिंग वर्षभर कसं पुरणार?

गिरणाकाठ

यावर मी बराच विचार केलाय, कारण आमचं मैदान खरंच तीन ऋतूंत तीन मैदानं असतं.

रेटिंग काढताना मुख्य हंगामातली सर्वसाधारण परिस्थिती धरतात. आमच्याकडे ती दिवाळी ते होळी. रोजच्या फरकासाठी दुरुस्ती आहे: त्या दिवशीचे सगळे स्कोअर अपेक्षेशी ताडून पाहतात आणि उणे १ ते अधिक ३ पर्यंत फरक लावतात. पण त्यासाठी ३६.० किंवा त्याखालच्या इंडेक्सवाल्यांची किमान आठ कार्डं त्याच दिवशी हवीत. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी पाचजण येतात, मग दुरुस्ती शून्य. हे मान्य करावं लागेल. म्हणून माझी सूचना आहे की उन्हाळ्यात ठराविक वार ठरवून सगळ्यांनी त्याच दिवशी खेळावं. आठ कार्डं जमली की उन्हाचा न्याय होतो.

भेगांसाठी स्थानिक नियम लिहून ठेवा. भेगा दुरुस्तीखालची जमीन म्हणून जाहीर केल्या की चेंडू दंडाशिवाय बाहेर काढता येतो. चेंडू फेअरवेवर उचलून ठेवायचा नियमही चालतो आणि कार्ड बाद होत नाही. फक्त तो लिहून फलकावर लावलेला हवा. तोंडी "चालतंय" नको.

अनेरकाठची

रेटिंग काढायला माणसं येतात तेव्हा नेमकं काय करतात? आपल्याला काय तयारी करावी लागेल?

सातपुडा_पायथा

ताई, रेटिंग क्लबने स्वतः काढायचं नसतं. राष्ट्रीय संघटनेने अधिकार दिलेला चमू येतो. आधी लांबी. प्रत्येक टी-पासून ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) मध्यापर्यंत अचूक माप घेतलेलं हवं, आणि टी-वर कायमची खूण हवी. यात बहुतेक लहान क्लब अडकतात. वर्षानुवर्षं टी मागेपुढे सरकत गेलेली असते आणि कार्डावर जुनेच यार्ड छापलेले असतात. आधी हे मोजून घ्या. २०२४ पासून नऊ होल मिळून ७५० यार्ड असले तरी रेटिंग मिळतं, म्हणजे लांबी कमी पडण्याची भीती नाही.

मग ते दोन काल्पनिक खेळाडू डोळ्यासमोर ठेवून प्रत्येक होल फिरतात. पुरुषांचा स्क्रॅच खेळाडू टी-वरून २५० यार्ड मारतो आणि दोन फटक्यांत ४७० यार्डांची ग्रीन गाठतो. बोगी खेळाडू, म्हणजे सामान्य खेळाडू, २०० मारतो, दोन फटक्यांत ३७०. महिलांसाठी स्क्रॅचला २१० आणि ४००, बोगीला १५० आणि २८०. या दोघांचे चेंडू जिथे पडतील तिथे उभं राहून अडथळे मोजतात: जमिनीचा उतार, फेअरवेची रुंदी, ग्रीनचा आकार, रफ (उंच गवत), बंकर (वाळूचे खड्डे), आडवं पाणी, कडेचं पाणी, झाडं, ग्रीनचा वेग. तुमचा नाला टी-पासून १९० यार्डांवर असेल तर स्क्रॅचवाला तो सहज ओलांडतो आणि बोगीवाल्याचा चेंडू नेमका त्यात जातो. स्लोप वाढतो तो अशा ठिकाणी. समुद्रसपाटीपासूनची उंची २००० फुटांच्या वर असेल तरच धरतात, आपल्या तापीच्या खोऱ्यात तो प्रश्न नाही.

शेवटी बोगी रेटिंगमधून (बोगी खेळाडूला लागावेत त्या फटक्यांतून) कोर्स रेटिंग वजा करून पुरुषांसाठी ५.३८१ ने आणि महिलांसाठी ४.२४ ने गुणतात, तो स्लोप. वरच्या उदाहरणात बोगी रेटिंग ८९.० धरलं तर २१.६ × ५.३८१, म्हणजे ११६. दहा वर्षांतून किमान एकदा हे पुन्हा करायचं असतं. मध्ये ग्रीन हलवली किंवा बांधावरच्या बाभळी तोडल्या तर त्याआधीच कळवायचं.

चमू येईल तेव्हा महिलांचं रेटिंग सर्व टी-वरून काढून घ्या. अनेक क्लब फक्त पुढच्या टी-वरून घेतात, मग एखाद्या मुलीला मागून खेळायचं असेल तर तिथलं तिच्यासाठी रेटिंगच नसतं.

निवृत्त_फौजी

कार्डं भरणार कोण? आमच्यातले निम्मे फोनवर फक्त शुभ सकाळ पाठवतात.

कपाशी

मी भरतो. माझ्या जिनिंगच्या ऑफिसात मुलगा आहे, रोज संध्याकाळी बसवतो त्याला. पण कार्ड त्याच दिवशी पेटीत पडलं पाहिजे, सही दोघांची. चांगलं आणि वाईट दोन्ही. ‘आज बरं खेळलो नाही म्हणून टाकलं नाही’ हे मी ऐकणार नाही, आणि ‘आज फार चांगलं झालं, आखाजीनंतर टाकतो’ हे तर मुळीच नाही.

पांझरा

कपाशीभाऊ, हे तुम्ही लिहून द्या, मी बैठकीत तुमच्या बाजूने बोलतो. माझी एकच अट. या आखाजीला ढाल जुन्या आकड्यांवर द्यायची, आणि नवे आकडे शेजारी लावायचे. लोकांना दोन्ही दिसू देत. ज्याला आठ फटके कमी मिळत होते त्यालाही, आणि ज्याला चार जास्त मिळत होते त्यालाही. पुढच्या आखाजीपासून फक्त नवी पद्धत.

गिरणाकाठ

आप्पा, अट मान्य. पण शेजारी लावायला नवे आकडे हवेत आणि त्यासाठी आधी रेटिंग हवं. म्हणून क्रम असा धरतो. या महिन्यात टी मोजून खुणा पक्क्या करायच्या, निवृत्त फौजी साहेबांनी टेप आणि दोन कॅडी घेऊन हे अंगावर घ्यावं अशी विनंती. त्याच आठवड्यात संघटनेला रेटिंगसाठी पत्र. तोवर प्रत्येक फेरीचं कार्ड पेटीत, म्हणजे सवय लागेल. रेटिंग आखाजीनंतर आलं तर दोन्ही आकड्यांची स्पर्धा दिवाळी पाडव्याला घेऊ.

अनेरकाठची ताई, तुम्ही हँडिकॅप कमिटीत यावं असं मी बैठकीत सुचवणार आहे. तुमची संमती असेल तर इथेच कळवा.

अनेरकाठची

संमती आहे. त्या दोघींनाही फोन केलाय. एक येते म्हणाली, दुसरीने विचारलंय सकाळी सहाच्या ऐवजी साडेसहा चालेल का.

खान्देशी_भो

मन्ही आंडेर साडेसहाले यी. त्या ताईसना संगे खेयी.